बिल्ला कानात, वाचणारा नाक्यावर



मामा, फोनवर तुम्ही विचारलंत, "मेंढरांच्या कानात चिप घाला म्हणत्यात, घालावी का?" एका शब्दात उत्तर द्यावं असं हे प्रकरण नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले. माणदेशातल्या आणखी कितीतरी वाड्यांवर हाच प्रश्न पडला असणार, तेव्हा हे पत्र छापायलाही देते आहे. दादा वाचून दाखवेल.

आधी एक गैरसमज काढते. ती चिप मेंढरू कुठं आहे ते सांगत नाही. चोराने रात्री दोन मेंढ्या टेम्पोत घातल्या, तर आपण मोबाइल उघडून टेम्पो कुठे पोचला ते बघू, असं दादाला वाटतं. तसं काही होत नाही. या बिल्ल्यात बॅटरीच नसते. आत तांब्याच्या तारेचं बारीक वेटोळं असतं आणि तांदळाच्या दाण्याहून लहान चिप. वाचणारं यंत्र जवळ आणलं की त्याच्या लहरींतून त्या वेटोळ्यात पुरती वीज तयार होते, चिप जागी होते, आपला आकडा सांगते आणि यंत्र दूर नेलं की पुन्हा मुकी होते. हातातल्या यंत्राने वाचायचं तर ते कानापासून वीतभर अंतरावर न्यावं लागतं. फाटकासारखं मोठं यंत्र असेल तर फार तर हातभर. पंधरा आकड्यांचा तो नंबर, त्यातले पहिले तीन देशाचे. भारताचे ३५६. बस्स, एवढंच ज्ञान त्या चिपेत आहे. मेंढी कोणाची, लस कधी टोचली, कुठून कुठे गेली, हे सगळं दुसरीकडे कुठल्यातरी नोंदवहीत असतं.

मी न्हावा शेव्याला दिवसभर काय करते, असं मामी नेहमी विचारते ना, ते हेच. बंदरातून बाहेर पडणाऱ्या कंटेनरला २०१६ पासून असाच रेडिओचा बिल्ला लावतात. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याचं महामंडळ आणि जपानची एनईसी कंपनी यांनी मिळून ते काम सुरू केलं. कंटेनर ट्रेलरवर चढला, बंदराच्या फाटकातून निघाला, की वाटेतल्या टोलनाक्यांवर बसवलेली यंत्रं त्याचा नंबर टिपत जातात. ज्याचा माल आहे तो आपल्या ऑफिसात बसून बघतो: अमुक नाका ओलांडला, अमुक डेपोत पोचला. टेम्पोच्या काचेवरचा फास्टॅग त्याच जातीचा. २०२१ च्या फेब्रुवारीपासून तो सगळ्यांना सक्तीचा झाला, तेव्हा तुमच्या टेम्पोवाल्याने केलेली कुरकूर तुम्हीच मला ऐकवली होती.

यात एक गोष्ट नीट बघा. कंटेनरच्या ड्रायव्हरला काही वाचावं लागत नाही, लिहावं लागत नाही. तो गाडी हाकतो. वाचण्याचं काम नाक्याचं. मला जे सांगायचंय त्याची मेख इथे आहे, पण तिथे यायला थोडा वळसा घ्यावा लागेल.

कंटेनर आणि मेंढरू यांत फरक मोठा. कंटेनर आणि फास्टॅग वाचतात त्या लहरी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या. त्या पुष्कळ मीटर लांबून चालतात आणि एका झपाट्यात शेकडो नंबर उचलतात. पण त्यांना पाणी सोसत नाही, आणि जनावराचं अंग म्हणजे बहुतेक पाणीच. म्हणून जनावरांसाठी जगभर १३४.२ किलोहर्ट्झची हळू लहर ठरवलेली आहे. ती अंगातून, लोकरीतून, शेणामातीतून जाते, मात्र लांब पोचत नाही. शिवाय दोन बिल्ले एकाच वेळी यंत्रासमोर आले की दोघांचे आवाज एकमेकांत मिसळतात आणि एकही नंबर लागत नाही. म्हणजे मेंढरं एकामागून एकच जायला हवीत. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. वाघुरीच्या जाळ्याला फट ठेवून त्यातून एकेक मेंढरू सोडत मोजायचं, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या पोरालाही येतं. परदेशात याच कामाला लोखंडी गल्ल्या बांधाव्या लागतात. (लोखंड फार जवळ असेल तर वाचन बिघडतं, ही आणखी एक गंमत. सुताच्या वाघुरीला तो त्रास नाही.)

आता आपल्याकडे जे चाललंय ते. गायी-म्हशींच्या कानात दिसतो तो पिवळा बिल्ला रेडिओचा नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं. तो साधा प्लॅस्टिकचा, वर बारा आकडे आणि काड्यांची पट्टी. तो डोळ्यांनी वाचायचा किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने. २०१९ च्या सप्टेंबरात लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांविरुद्ध देशभर लसीकरणाची मोहीम सुरू झाली, तिच्याबरोबर हा बिल्ला गावोगाव पसरला. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करायची नाही असा नियम आला. दोन-चार जनावरांच्या दावणीला हा स्वस्त बिल्ला पुरेसा आहे, आणि सरकारने तो निवडला यात मला काही चूक दिसत नाही. रेडिओचा बिल्ला त्याच्या कितीतरी पट महाग. गाय दाव्याला बांधलेली असते, डॉक्टर शेजारी उभा राहून आकडे वाचू शकतो.

तुमचं तसं नाही. दोनशे मेंढरं, लोंबते कान, त्यावर धूळ आणि लोकर, आणि मुक्काम आज इथे तर उद्या पुढच्या शिवारात. बारा आकडे दोनशे वेळा वाचून कोण लिहिणार? लिहिले तरी चौथ्या मेंढीनंतर आठाचे तीन होतात. म्हणून मेंढ्यांसाठी रेडिओचा बिल्ला हा चोचला नाही, असं माझं मत आहे. उलट गायींपेक्षा मेंढ्यांनाच त्याचा उपयोग जास्त.

इंग्लंडमध्ये २००१ साली जे घडलं ते ऐका, म्हणजे का ते कळेल. फेब्रुवारीत एसेक्स परगण्यातल्या एका कत्तलखान्यात डुकरांना लाळ्या-खुरकूत दिसला. मूळ सापडलं दूर उत्तरेला, हेडन-ऑन-द-वॉल नावाच्या गावातल्या डुकरांच्या गोठ्यात. पण तोवर तिथला रोग वाऱ्यावरून शेजारच्या मेंढ्यांना लागला होता, त्या मेंढ्या १३ फेब्रुवारीला हेक्सहॅमच्या बाजारात विकल्या गेल्या होत्या आणि तिथून व्यापाऱ्यांनी त्या लाँगटाउनच्या मोठ्या बाजारात नेल्या होत्या. मेंढीला हा रोग झाला तर बरेचदा तो दिसतच नाही. जरा लंगडते, जरा सुस्तावते, संपलं. तुम्हाला हे मी सांगायला नको. सरकारने २३ फेब्रुवारीला जनावरांची हालचाल थांबवली, तोवर रोग पार दक्षिणेला डेव्हनपर्यंत पोचला होता.

त्या देशात गायींना १९९६ पासून पासपोर्ट होते, एकेक गाय कागदावर होती. मेंढ्या मात्र लॉटने जात. अमुक व्यापारी, इतके नग, संपला हिशेब. एका लॉटमधल्या वीस इकडे गेल्या, तीस तिकडे, काही तिसऱ्याला बाजाराबाहेर रस्त्यावरच विकल्या. कोणती मेंढी कोणत्या लॉटची हे मागे जाऊन शोधायला काहीच नव्हतं. मग शेजारपाजारची सगळीच कापा, असा मार्ग उरला. साठ लाखांहून जास्त जनावरं मारली, त्यांतली बहुतेक मेंढ्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा निरोगी. मे महिन्यातली देशाची निवडणूक जूनवर ढकलावी लागली. शेतांत चर खणून जनावरं जाळतानाची चित्रं मी पाहिली आहेत, तुम्हाला दाखवणार नाही.

त्यानंतर युरोपने २००४ चा नियम केला आणि ३१ डिसेंबर २००९ नंतर जन्मलेल्या मेंढ्या-शेळ्यांना रेडिओची ओळख बंधनकारक झाली. पुष्कळ मेंढपाळ चिडले. जर्मनीतला एक जण थेट युरोपच्या न्यायालयात गेला: एवढा खर्च आणि एवढी लिखापढी म्हणजे आमच्या धंद्यावर घाला आहे. २०१३ मध्ये न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. निकाल मला पटतो, पण त्याची तक्रारही खोटी नव्हती. बिल्ल्यांना पैसे पडतात, काट्याकुपाट्यात ते तुटतात, कान पिकतो, पावसाळ्यात जखमेत किडे पडतात. बिल्ला लावायचाच तर माश्या कमी असताना, म्हणजे थंडीत लावून घ्या. ऑस्ट्रेलियासारख्या मेंढ्यांच्या देशानेही गायींना २००५ च्या सुमारास रेडिओचा बिल्ला लावला, पण मेंढ्यांच्या बाबतीत एकटं व्हिक्टोरिया राज्य २०१७ मध्ये पुढे गेलं आणि बाकी देशाला २०२५ उजाडलं. बोट्स्वानाने आणखी वेगळी वाट धरली होती. युरोपला गोमांस विकायचं म्हणून त्यांनी चिप चिनी मातीच्या गोळीत घालून गायीला गिळवली. गिळलेले खिळे-तारा पोटाच्या ज्या कप्प्यात जाऊन बसतात, तिथेच ती गोळी जन्मभर बसते. पुढे तेही कानातल्या बिल्ल्याकडे वळले.

या सगळ्यातलं मला सर्वांत शहाणपणाचं वाटलं ते ब्रिटनमधल्या बाजारांनी केलेलं काम. तिथे मेंढपाळाने यंत्र विकत घ्यायलाच हवं असं नाही. बाजाराच्या फाटकात, कत्तलखान्याच्या दारात यंत्र बसवलेलं असतं. मेंढ्या आत येताना आपोआप वाचल्या जातात आणि विकणाऱ्याच्या वतीने बाजारच नोंद करतो. टोलनाक्यासारखंच. मेंढका मेंढरं हाकतो, आकडे फाटक टिपतं.

तेव्हा "चिप घालावी का?" यापेक्षा "वाचणार कोण, आणि कुठे?" हे विचारा. तुम्हाला बिल्ल्याची गरज कधीच नव्हती. चेहऱ्यावरून, चालीवरून, ओरडण्यावरून तुम्ही दोनशेतली एक ओळखता. बिल्ला हवा असतो तो अनोळखी माणसाला: बाजारातल्या गिऱ्हाइकाला, लस टोचणाऱ्याला, पोलिसाला. चोरीची मेंढरं सापडली तर ती तुमची हे ठाण्यात कसं सिद्ध करणार? लांडग्याने मारली, ट्रक घुसला, वीज पडली, तर पंचनाम्यात किती आणि कोणती हे कशावरून लिहिणार? २०२२ साली आपल्या राज्यात चिनावल गावापासून सुरू झालेला लम्पी रोग आठवा. गायीला तीस हजार, बैलाला पंचवीस, वासराला सोळा हजार अशी मदत जाहीर झाली होती. असा पैसा मिळवायचा तर मेलेलं जनावर आपलंच होतं हे दाखवावं लागतं. तिथे नोंद तुमच्या बाजूने उभी राहू शकते.

राहू शकते म्हणाले. राहीलच असं नाही. तीच नोंद वनखात्याच्या माणसाने "एवढी मेंढरं? मग या रानात शिरायचं नाही" असं म्हणायलाही वापरता येईल. तुम्हाला ही भीती वाटते आणि तिला आधार नाही असं मी म्हणणार नाही. फिरस्त्या माणसाची मोजदाद त्याच्या भल्यासाठी क्वचितच झाली आहे. म्हणून माझं सांगणं असं की चिप फुकट मिळाली तरी नुसती घेऊ नका, दोन गोष्टी बोलून घ्या. एक, तुमच्या मेंढ्यांपुढे काय लिहिलंय ते दादाच्या मोबाइलवर दिसलं पाहिजे. दुसरं, मेंढी विकली की नाव बदलण्याची जबाबदारी बाजाराने घ्यावी. नाहीतर विकलेली मेंढी पाच वर्षं तुमच्याच नावावर चरत राहील, आणि तिला सांगलीत रोग झाला तर डॉक्टर तुम्हाला पेणच्या माळावर शोधत येईल.

बाजार समितीकडे फाटकावर यंत्र नाही, हे मला ठाऊक आहे. रोज हजारो कंटेनर मोजणाऱ्या राज्याला आठवडे बाजाराच्या दारात एक फाटक जड जाऊ नये. हे मी तुमच्याशी बोलतेय, पण छापून येणार म्हणून ज्यांनी ऐकायचं त्यांनीही ऐकावं.

तोवर एक करा. लस टोचायला येतील त्या दिवशी दादाला वही घेऊन उभं करा, बिल्ला असेल त्या प्रत्येकीचा नंबर आणि तिची खूण लिहून घ्या. येत्या खेपेला लोणंदला मेंढ्या विकाल तेव्हा पावतीवर नुसते नग नकोत, नंबर लिहा म्हणून सांगा. कारकून नाही म्हणाला तर भांडू नका, त्याचं म्हणणं काय ते मला कळवा. कोकणात उतरलात की फोन करा, मामीला घोंगडीचं विचारायचंय.

तुमची भाची
उरण