दुष्काळ कल्याणला उतरतो

मुंबईहून निघालेल्या आगगाडीला ठाण्यापर्यंत फारसा विचार करावा लागत नाही, डोंबिवलीपर्यंतही नाही. कल्याणला मात्र तिला एक बाजू धरावी लागते. डावीकडे वळली तर कसारा, थळ घाट, नाशिक, मनमाड आणि पुढे थेट नांदेड. उजवीकडे वळली तर कर्जत, बोरघाट, पुणे आणि सोलापूर. १ मे १८५४ रोजी रूळ कल्याणला पोचले, १८६३ साली बोरघाट चढले आणि १८६५ साली थळ घाट. तेव्हापासून माणसांना वाटेला लावणे हाच या गावाचा मोठा उद्योग होऊन बसला आहे.

आपण मुंबईकडची मंडळी कल्याणकडे नेहमी या बाजूने पाहतो. घाटावरच्या माणसाला ते उलट दिसते. त्याच्या लेखी कल्याण हा फाटा नसून संगम आहे. पाऊस मराठवाड्यावर रुसो की सोलापुरावर, दोन्हीकडचे दुःख आपापल्या घाटाने खाली उतरते आणि कल्याणच्या पुलावर एकमेकांना भेटते. पहाटे देवगिरी येते, सिद्धेश्वर येते. दिवाळीची सुट्टी संपवून परतणारे कोण आणि घर मोडून आलेले कोण, हे सामानावरून कळते. पहिल्यांच्या हाती फराळाचे डबे असतात. दुसऱ्यांजवळ गोधडी, तवा, पाण्याचा कॅन आणि फडक्यात बांधलेले ज्वारीचे पीठ. पाहुणा कधी पीठ बरोबर आणत नाही. पीठ आणतो तो राहायला आलेला असतो.

ही माणसे जातात कोठे? ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर आणि डोंबिवलीजवळच्या कल्याण-शिळ रस्त्यावर जे मजल्यांवर मजले चढत आहेत, त्यांच्या पायथ्याशी. सकाळी आठच्या सुमारास मजूर नाक्यावर गेलात तर घमेली आणि फावडी घेतलेली रांग दिसेल. २०१९ च्या फेब्रुवारीत अशाच एका नाक्यावर नांदेड जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याशी माझे बोलणे झाले. घरची पाच एकर जिरायत. सोयाबीन फुलोऱ्यात असतानाच पाऊस गेलेला. "गावाकडे सरकारी मदत जाहीर झाली ना?" असे मी विचारले. तो हसला. म्हणाला, "मंजूर झालंय म्हनतेत, सर. पर मंजूर झालेलं खाता येत न्हाई. खात्यावर आलं की मग खावावं."

मराठी व्याकरणात क्रियापदाचे काळ आम्ही वर्गात शिकवतो. सरकारी मदतीचे काळ कोणी शिकवत नाही. ते या माणसाला तोंडपाठ होते.

हा उशीर होतो कसा, ते पाहण्यासारखे आहे. पूर्वी पिकाची आणेवारी काढीत. आणे गेले, तिची पैसेवारी झाली. हंगामी, सुधारित आणि अंतिम अशा तीन पायऱ्यांनी ती ठरते, आणि पन्नास पैशांच्या आत आली म्हणजे गावाची दैना कागदावर सिद्ध होते. २०१६ साली केंद्र सरकारने दुष्काळाची नवी संहिता काढली. राज्याने ती ७ ऑक्टोबर २०१७ च्या निर्णयाने स्वीकारली. तेव्हापासून पावसाची तूट, उपग्रहातून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा, अशा कसोट्या लावून आणि निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी करून खरिपाचा दुष्काळ ऑक्टोबरअखेर जाहीर होऊ लागला. म्हणजे तारीख तरी ठरली.

पण तारीख ठरली ती जाहीर करण्याची, देण्याची नव्हे. राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या आधी एक आठवडा. केंद्राचे पथक पाहणीला आले डिसेंबरात. दिल्लीच्या समितीने ४,७१४ कोटी रुपयांच्या मदतीला मंजुरी दिली ती २९ जानेवारी २०१९ ला. म्हणजे जाहीर होण्यापासून मंजूर होण्यापर्यंतच तीन महिने! तलाठ्यापासून दिल्लीपर्यंत कागद ज्या पायऱ्या चढतो, त्याच पायऱ्या उतरून पैशाला बँकेत यावे लागते. त्या वेळी जिरायतीला हेक्टरी ६,८०० रुपये आणि दोन हेक्टरांची मर्यादा होती. फार तर १३,६०० रुपये. ऑक्टोबरात ही रक्कम हाती पडली तर माणूस जनावराला वैरण घेतो. मार्चात पडली तर जनावर विकून झालेले असते. रक्कम तीच, पण तिची किंमत पूर्वीची राहत नाही.

मराठीच्या मास्तराला आणखी एक शब्द खुपतो - 'सदृश'. २०१६ साली प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात चालू असताना, मे महिन्यात, २९ हजारांवर गावांपुरते 'दुष्काळसदृश' ऐवजी 'दुष्काळ' असे वाचावे, हे सरकारला जाहीर करावे लागले. तोवर उन्हाळा सरत आला होता. एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी गेली होती, आणि नांदेडकडची कुटुंबे घाटकोपरच्या भटवाडीत पाले ठोकून होती. २०२३ साली ४० तालुक्यांना 'दुष्काळ' मिळाला. हजारावर महसूल मंडळांच्या वाट्याला पुन्हा 'सदृश' आले, तेही ऐन धनत्रयोदशीच्या दिवशी. आमच्या अलंकारशास्त्रात सादृश्य असले की उपमा होते. सरकारी शास्त्रात सादृश्य आले की मदतीची जागा सवलती घेतात.

हे सारे घाटापलीकडचे, असे म्हणून ठाणेकरांनी निश्चिंत राहू नये. कल्याणहून कसाऱ्याची लोकल धरा आणि आसनगावला उतरा. हा शहापूर तालुका. मुंबईला पाणी पाजणारी तानसा आणि भातसा ही धरणे याच तालुक्यात. तानसा तर १८९२ पासून पाजते आहे. तरी उन्हाळा आला की इथल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. धरण उशाला आणि कोरड घशाला! टँकरसुद्धा मागितला की आला, असे होत नाही. ग्रामपंचायतीचा प्रस्ताव, अधिकाऱ्यांची पाहणी, मग मंजुरी. तोवर विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरायचे.

पैसा जनतेचा, तेव्हा चौकशी हवीच. पण चौकशी आधी की घास आधी, याचा निवाडा आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी कोठारे उघडली ती बेदरच्या मंजुरीची वाट न पाहता. हिशेब मागाहून चुकता झाला, असे कथा सांगते. कथा राहू द्या. १९७२ च्या दुष्काळात जी रोजगार हमी रुजली, तिचा १९७७ साली याच राज्याने कायदा केला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर भत्ता, असे त्यात लिहिले होते. भुकेला मुदत घालता येते, हे महाराष्ट्राला ठाऊक नव्हते असे नाही. नुकसानीच्या मदतीलाही अशीच मुदत घालावी, निम्मी रक्कम जाहीर केल्याबरोबर द्यावी आणि उरलेली तपासून द्यावी, एवढेच मागणे आहे.

नाक्यावरच्या त्या शेतकऱ्याला मी शेवटी विचारले, "परत केव्हा जाणार?" तो म्हणाला, "मिरगाच्या आत. बियाण्यापुरतं साठलं की निघायचं." त्याच्या बियाण्याची तजवीज ठाण्याच्या मजल्यांवर विटा वाहून व्हायची होती. मंजूर झालेली रक्कम तोवर वाटेतच होती. नाक्याला हे भूषणावह असेल. नाक्याला, सरकारला नव्हे.