काकडं नको का, भाऊ?

सहा घरं, सहा ऋतू. हिशेब इतका सरळ होता, की यात आपण तोंडावर आपटू असं मनातही आलं नाही.

झालं असं, की जानेवारीत आम्ही मित्रमंडळी सोलापूरकडे एका ओळखीच्यांच्या शेतावर हुरडा खायला गेलो होतो. गूळभेंडीची कोवळी कणसं, गोवऱ्यांची आगटी, हातावर चोळून दिलेला वाफाळता हुरडा, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही. पोट भरलेलं, परतीची गाडी. अशा वेळी माणूस नको ते बोलून जातो. मी बोललो, "असं दर ऋतूत व्हायला पाहिजे. आपण सहा घरं, ऋतूही सहा. एकेकाने एकेक ऋतू वाटून घ्यायचा आणि बाकीच्यांना घरी रांधून जेवू घालायचं."

टाळ्या पडल्या. पुणं यायच्या आत नियमही ठरले. बाहेरून काही मागवायचं नाही. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्यानेच मुख्य पदार्थ रांधायचा; घरातल्या दुसऱ्या माणसाने त्या दिवशी पाहुण्यासारखं बसायचं. आणि ताटात निदान एक पदार्थ असा हवा, जो तीन महिन्यांनी बाजार पालथा घातला तरी मिळणार नाही. चहाच्या टपरीवर चिठ्ठ्या टाकल्या. आमच्या घरातून माझं नाव निघालं आणि ऋतू निघाला वर्षा.

मी मूळचा लातूरकडचा. ठाण्यात येऊन अकरा वर्षं झाली. स्वयंपाकातली माझी मजल चहा, ऑम्लेट आणि बायकोने परवानगी दिली तर वरणाला फोडणी, एवढीच. पण वर्षा ऋतू म्हटल्यावर मी खुशीत होतो. पावसात काय, कांदाभजी! तेवढी तळायला कोण लागतं?

"भजी बारा महिने मिळते," कोल्हापूरकराने पहिल्याच झटक्यात माझी विकेट काढली.

तोवर दोन जेवणं झाली होती. चैत्रात आमच्यातल्या ठाणेकरणीने आंब्याची डाळ, पन्हं आणि भिजवलेल्या हरभऱ्याची कोशिंबीर केली. मे महिन्यात रत्नागिरीकराने कच्च्या फणसाची भाजी केली. फणस चिरताना त्याने हाताला, सुरीला, एवढंच काय नळालाही तेल फासलं होतं. दोन्ही वेळा मी तीन-तीनदा वाढून घेतलं आणि "मीठ अर्धी चिमूट कमी चाललं असतं" असे शेरेही मारले. ते शेरे आता माझ्याकडे परत यायचे होते.

मी एक पळवाट काढून पाहिली. शाळेत शिकल्याप्रमाणे ज्येष्ठ-आषाढ म्हणजे ग्रीष्म, आणि वर्षा ऋतू श्रावण-भाद्रपदात. म्हणजे माझी पाळी ऑगस्टमध्ये. तोवर दोन महिने शिकायला मिळतील.

ठाणेकरीण हसली. "श्रावणात शेवळं कुठून आणणार? आणि श्रावणात त्यात घालायचे सोडे, सुकवलेली कोळंबी, कोण खाणार?"

शेवळं हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आमच्याकडे पावसाळ्यात आघाडा, तांदूळजा, पाथरी असं काहीबाही येतं, शेवळं नाही. चौकशी केल्यावर कळलं, की ठाणे, पालघर, रायगडच्या रानात पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून एक कोंब वर येतो, तो म्हणजे शेवळं. तो खरं तर फुलोरा. आधी फूल, पान मागून. जूनचे थोडे दिवस मिळतात आणि संपतात. सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत त्या दिवसांची वर्षभर वाट पाहतात. आमच्या नियमात याहून चपखल बसणारी भाजी नव्हती. मी छाती पुढे काढून जाहीर केलं, की शेवळंच करणार. जूनमधला शनिवार, रात्री आठ वाजता.

त्या दुपारी मी जांभळी नाक्याच्या बाजारात गेलो. पक्क्या गाळ्यांसमोर, रस्त्याच्या कडेला, निळं प्लास्टिक अंथरून काही आदिवासी बायका बसल्या होत्या. एकीपुढे टाकळ्याचे वाटे, भारंगीची पानं आणि दोऱ्याने बांधलेल्या लांबट, जांभळट-तपकिरी दांड्यांच्या जुड्या. फोनवरचा फोटो आणि जुडी यांची मी गाठ घालून पाहिली. हेच ते. एकेका जुडीत दहा-बारा दांडे. चार जुड्या घेतल्या.

बाईंनी पिशवीत जुड्या ठेवल्या आणि विचारलं, "काकडं नको का, भाऊ?"

"नको, घरी आहेत," मी म्हणालो.

खरंच होत्या. फ्रिजमध्ये तीन काकड्या होत्या आणि कोशिंबिरीचा बेतही ठरलेला होता. बाईंनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. अंगावरचा ऑफिसचा शर्ट, हातातली कापडी पिशवी, चेहऱ्यावरचा आत्मविश्वास. मग त्यांनी खांदे उडवले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. त्यांच्या शेजारी लहान आवळ्याएवढ्या हिरव्या फळांचा ढीग होता. तो मी पाहिला होता. हे काय आहे, असं विचारावंसं मात्र वाटलं नाही.

साडेचारला ओट्यापाशी उभा राहिलो. बायको ठरल्याप्रमाणे पाहुणी होती. बाहेर पाय पसरून मासिक वाचत होती. मी दोन जुड्या सोडल्या. दांड्याभोवती एक पातळ आवरण असतं. ते सोललं की आत गुळगुळीत दांडा आणि त्याच्या बुडाशी पिवळसर दाणेदार भाग. दिसायला छान. मी तोही बारीक चिरून घेतला, टाकायचं कशाला?

पाच वाजता बोटांच्या बेचक्यांत मुंग्या आल्यासारखं वाटायला लागलं. सव्वापाचला मी हात ओट्याच्या कडेला घासत होतो. रत्नागिरीकराने नळाला तेल का लावलं होतं, ते आता डोक्यात आलं, पण तो चीक होता आणि ही खाज. मला वाटलं, मिरची लागली असेल. कांदा परतला, हळद-तिखट घातलं, शेवळं टाकली, झाकण ठेवलं. वास बरा येत होता. पावणेसातला एक चमचाभर चाखून पाहिली.

चवीचं मला काही सांगता येणार नाही, कारण चव कळायच्या आधीच जिभेवर आणि घशात बारीक सुया टोचायला लागल्या. कुणीतरी घशातून लोकरीचा मफलर ओढतंय असं वाटत होतं. पाणी प्यायलो, गूळ खाल्ला, ताक प्यायलो. मग आईला फोन केला.

"शेवळं?" आई म्हणाली. "ते काय असतं?"

मी फोटो पाठवला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "जिच्याकडनं घेतलंस, तिला विचारलं नाहीस का, कसं करायचं म्हणून?"

विचारलं नव्हतं. अर्धा-पाऊण तास फोनवर पाककृती वाचल्या होत्या, तीन व्हिडिओ अर्धे-अर्धे पाहिले होते. फोडणीपर्यंतचा भाग मी पुढे ढकलून दिला होता. साफसफाई काय बघायची, असं वाटलं होतं. आणि जी बाई ती भाजी रानातून घेऊन आली होती, तिने स्वतःहून प्रश्न विचारला, त्याला मी "घरी आहेत" म्हणून उत्तर देऊन मोकळा झालो होतो.

सातला शेजारच्या काकूंची बेल वाजवली. काकू ठाण्यातल्याच, सीकेपी, सत्तरीच्या पुढच्या. माझे लाल झालेले हात बघूनच त्यांनी विचारलं, "शेवळं? काकडं घातलीस का?"

"काकड्यांची कोशिंबीर केलीय, काकू."

काकू दाराच्या चौकटीला टेकल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी फ्रीजर उघडला आणि एक छोटी पिशवी काढली. त्यात बाईंच्या शेजारी पाहिलेली तीच हिरवी फळं, गोठलेली. काकडं. "गेल्या साली ठेवली होती. शेवळं कधी कुणी आणून देतं, पण काकडं आयत्या वेळी मिळत नाहीत."

पुढचा तास मी फक्त हमाल होतो. केलेली भाजी काकूंनी बघितली आणि एका शब्दात निकाल दिला, "टाक." बुडाशी असलेला पिवळा दाणेदार भाग काढूनच टाकायचा असतो, तो चिरून आख्ख्या भाजीत मिसळल्यावर वाचवण्यासारखं काही उरत नाही. उरलेल्या दोन जुड्या त्यांनी खोबरेल लावलेल्या हातांनी साफ केल्या. सोलायचं, पिवळं कापायचं, उरलेला दांडा अगदी बारीक चिरायचा. काकडं ठेचली, पाण्यात कोळली, बिया गाळून आंबट-तुरट रस काढला. चिरलेली शेवळं तेलावर चांगली परतून त्या रसात शिजवली. मग कांदा, मसाला, भिजवलेले सोडे आणि शेवटी नारळाचं दूध. आमच्यातल्या एका शाकाहारी घरासाठी सोडे घालण्याआधीच थोडी भाजी वेगळी काढली.

"ताजी कोळंबी नाही चालत?" मी विचारलं.

"चालते की. पण १ जून ते ३१ जुलै समुद्रातले ट्रॉलर बंद. म्हणून तर उन्हाळ्यात सोडे घेऊन ठेवायचे," काकू म्हणाल्या. माझ्या कपाळावर तेव्हा आठी पडली असणार. शेवळं जूनमध्ये, सोडे मे महिन्यातले, काकडं एक तर शेवळांबरोबर घ्यायची नाहीतर गेल्या सालची. एका वाटीभर भाजीसाठी तीन निरनिराळ्या वेळी जागं राहावं लागतं. मी फक्त शनिवारी दुपारी जागा झालो होतो.

आठला मंडळी आली. कोल्हापूरकराने तांदळाच्या भाकऱ्या आणल्या होत्या, ठाणेकरणीने वालाचं बिरडं. माझ्याकडून मुगाची खिचडी, भाजलेले पापड आणि ती प्रसिद्ध काकडीची कोशिंबीर. शेवळं दोन जुड्यांची, माणसं तेरा. माणशी दोन-दोन चमचे वाढले. पहिला घास घेतल्यावर ठाणेकरणीने हात वर केला. "थांबा. घशाला काही होतंय का कुणाच्या?"

सगळे थांबले. एक मिनिटभर तेरा माणसं एकमेकांच्या गळ्याकडे बघत होती. पंखा आणि बाहेरचा पाऊस, एवढाच आवाज. कुणालाच काही झालं नाही. मग बोटांनी ताटल्या पुसून पुसून लोकांनी खाल्लं. चव? मांसासारखी म्हणावी तर तशी नाही, भाजीसारखी तर मुळीच नाही; थोडी तुरट, थोडी मातीची, सोड्यांच्या वासात मुरलेली. आणखी दोन चमचे मिळाले असते तर कुणी नाही म्हटलं नसतं.

आमच्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या बोटांकडे बघून शास्त्र सांगितलं. शेवळं सुरणाच्या गोतातलं. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि ते कातडीला, घशाला टोचतात. अळूतही तेच. काकूंना हे शास्त्र ठाऊक नव्हतं. त्यांना सूत्र ठाऊक होतं: अळूला चिंच, सुरणाला कोकम, शेवळाला काकडं.

जेवण झाल्यावर मी सगळी हकीकत सांगितली, टाकून दिलेल्या भाजीसकट. काकूंनी रांधल्यामुळे नियम मोडला की नाही, यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी निकाल लागला, की यजमान नापास, पण जेवण पास. आणि नियमांत एक भर पडली: जिन्नस घेताना विकणाऱ्याला "हे कसं करायचं?" एवढं विचारल्याशिवाय घरी आणायचा नाही.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा जांभळी नाक्यावर गेलो. बाई त्याच जागी, त्याच निळ्या प्लास्टिकवर. शेवळं नव्हती. त्यांनी मला ओळखलं आणि हसल्या. मीही काकडांची गोष्ट सांगून टाकली. लपवून काय उपयोग होता?

"शेवळा संपली भाऊ," त्या म्हणाल्या, "आता पुढच्या सालाला." मग टाकळ्याचा एक वाटा पुढे सरकवला. या वेळी मी पिशवी उघडली नाही, आधी विचारलं. त्यांनी सांगितलं: पानं अगदी कोवळी घ्यायची, जून झाली की चावत नाहीत, लसूण भरपूर, वरून ओलं खोबरं. तीन वाक्यांत भाजी झाली. आणि तिन्ही मला कळली.

सध्या शरद ऋतूची पाळी डॉक्टरीणबाईंकडे आहे आणि त्या काय करणार हे गुपित आहे. माझी पाळी पुढच्या जूनमध्ये. मे महिन्यात सोडे घ्यायचे, हे मी कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवलंय. काकूंची काकडंही परत करायची आहेत.

तुम्हीही मित्रमंडळींत असा काही बेत करणार असाल, तर जरूर करा. फक्त रस्त्याच्या कडेला बसलेल्या बाईंनी काही विचारलं, तर घाईने "घरी आहे" म्हणू नका. घरी काकड्या असतात. काकडं नसतात.