फाइल उघडते, हीच अडचण

संपादकांनी फोनवर बजावलं, 'तांत्रिक नको, सगळ्यांना कळेल असं लिहा.' बघतो प्रयत्न करून. मी प्लॅनिंग इंजिनिअर आहे. माझ्या सासऱ्यांची समजूत अशी की मी रंगीत पट्ट्या काढतो. पट्ट्या निघतात हे खरं. टेंडरला जोडलेला तो बारचार्ट बघून साहेबलोक मान डोलावतात आणि पान उलटतात. त्या पट्ट्यांच्या मागे गणित आहे, हे मात्र कुणाला सांगून पटत नाही.

गणित जुनंच. 1957च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांच्या माणसांनी ते बसवलं. प्रत्येक कामाला किती दिवस लागतील आणि ते कशानंतर सुरू होईल, एवढंच आपण सांगायचं. पायाशिवाय टाकी नाही, टाकीशिवाय पाइप नाही. तारखा संगणक काढतो. म्हणजे शेड्यूलमधली तारीख ही नोंद नसते, ते उत्तर असतं. पाया पंधरा दिवस लांबला, तर त्याला बांधलेली पुढची कामं आपोआप सरकली पाहिजेत. न सरकणारी पट्टी एक्सेलमध्येही रंगवता येते.

आमची कंपनी भोसरीत आहे, लहान आहे, सांडपाणी प्रक्रियेचे प्रकल्प उभारते. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट हे सॉफ्टवेअर ऑफिसच्या नेहमीच्या संचात येत नाही, वेगळं विकत घ्यावं लागतं. लहान कंपनी ते एकदम कधीच घेत नाही. एक मोठी ऑर्डर आली की एक लायसन्स. त्यामुळे साइटवर 2007, माझ्याकडे 2010, आणि ग्राहकाच्या सल्लागाराकडे 2016. तिन्ही फाइलींचं आडनाव एकच, एमपीपी. पोटात मात्र फरक. 2000, 2002 आणि 2003 यांचा साचा एक होता, 2007ने तो बदलला, 2010ने पुन्हा बदलला. 2007ला दुसरा सर्व्हिस पॅक चढवलेला असेल तर नवी फाइल उघडते आणि एक इशारा दाखवते. इशारा न वाचता 'ओके' दाबणं हा आपला राष्ट्रीय स्वभाव आहे.

लोकांना वाटतं, अडचण म्हणजे फाइल न उघडणं. ती अडचण प्रामाणिक असते हो. फाइल उघडली नाही की माणूस फोन करतो, शिव्या देतो, दुसरी मागवतो. धोका आहे तो उघडून वेगळंच उत्तर देणाऱ्या फाइलचा.

इथे मला थोडं तांत्रिक व्हावंच लागेल. 2010 साली मायक्रोसॉफ्टने कामाच्या दोन जाती केल्या. एक आपोआप तारीख काढणारी, दुसरी हाताने लिहिलेली तारीख धरून बसणारी. दुसऱ्या जातीचं काम मागचं काम लांबलं तरी जागचं हलत नाही. फार तर तारखेखाली लाल नागमोडी रेघ येते. त्यातही कहर म्हणजे नवं काम टाकलं की ते मुळात याच जातीचं असतं. सेटिंग बदलली नाही तर अख्खं शेड्यूल हट्टी पट्ट्यांचं होतं, आणि बघणाऱ्याला काही कळत नाही, कारण पट्टी ती पट्टीच दिसते. पन्नास वर्षं ज्या गणितावर हा धंदा उभा राहिला ते गणित या लोकांनी पर्यायी करून टाकलं, असं मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. आमच्यातलेच काही जण याला सोय म्हणतात. त्यांचा मुद्दा असा की सुरुवातीला तारखा कुणालाच ठाऊक नसतात, मग खोटी तारीख कशाला? या जातीच्या कामात तारखेच्या घरात चक्क 'दसऱ्यानंतर' असं लिहिता येतं. मी कितीही चिडलो तरी आमचा धंदा खरंच असा चालतो, हे मला नाकारता येत नाही. पण तीच फाइल 2007साठी सेव्ह करा. 'दसऱ्यानंतर' जाऊन तिथे एक कोरडी तारीख येते. हट्टी कामं आपोआपच्या जातीत जातात. आणि 'निष्क्रिय' करून ठेवलेली, म्हणजे यादीत दिसणारी पण गणितात न धरलेली कामं पुसली जातात.

आता प्रकरण. मराठवाड्यातल्या एका साइटवर सिव्हिलचं काम ग्राहकाच्या दुसऱ्या कंत्राटदाराकडे होतं. त्याने पाया उशिरा दिला. आम्ही मुदतवाढ मागितली. ती मिळाली नाही तर दंड आमच्या बिलातून कापला जाणार. साइटवरच्या मुलाने 2007साठी सेव्ह केलेल्या प्रतीत पायाची खरी तारीख टाकली, कमिशनिंग, म्हणजे प्रकल्प प्रत्यक्ष चालू होणं, दीड महिना पुढे गेलं, त्याने तसं पत्र लिहिलं. सल्लागाराने मूळ 2010ची फाइल आपल्या 2016मध्ये उघडली, तीच तारीख टाकली, आणि कमिशनिंग जागच्या जागी! पंप, ब्लोअर, पॅनल, सगळ्या पट्ट्या हट्टी जातीच्या. त्याचं उत्तर आलं: तुमच्याच शेड्यूलप्रमाणे विलंबाचा परिणाम शून्य. वर आणखी एक आरोप. दुसऱ्या टप्प्यातली ग्राहकानेच थांबवलेली कामं मूळ फाइलमध्ये निष्क्रिय होती, साइटच्या प्रतीत ती नव्हतीच. म्हणजे आम्ही परस्पर कामं वगळली!

दोघांनीही लबाडी केलेली नव्हती. बैठकीत दोन लॅपटॉप शेजारी ठेवून हे दाखवलं, तेव्हा ग्राहकाचे अधिकारी म्हणाले, "अहो, पण कॉम्प्युटर चुकतो कसा?" या प्रश्नाला माझ्याकडे सभ्य उत्तर नाही. वाद अजून मिटलेला नाही.

कॅलेंडरचं दुखणं वेगळंच. या सॉफ्टवेअरचा मूळ आठवडा सोमवार ते शुक्रवार, आठ ते बारा आणि एक ते पाच. भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, साइटवर रविवारीही काम. कुणी उत्साहाने ओळी कॉपी करून नव्या फाइलमध्ये चिकटवल्या की कामं येतात, कॅलेंडर मागे राहतं, आणि आमचे फिटर शनिवार-रविवार आराम करू लागतात.

आमचे साहेब म्हणतात, "अरे, फुकटचं काहीतरी उतरव ना." फुकटचं आहे. प्रोजेक्टलिब्रे आहे, एमपीपी वाचतं, चांगलं आहे. पण तारखा ते आपल्या हिशेबाने काढतं, म्हणजे दोनाचे तीन. एक्सएमएल या सामायिक साच्यातून फाइल दिली तरी उघडणारं सॉफ्टवेअर पुन्हा गणित मांडणारच. आणि पीडीएफ पाठवली तर तारखा गोठतात, पण कुठलं काम कशाला बांधलंय ते त्यात उरत नाही. सल्लागार नेमकं तेच मागतो.

म्हणून आता मूळ फाइल एकाच मशिनवर. सगळी कामं आपोआपच्या जातीची. ज्याला 'दसऱ्यानंतर' लिहायचंय त्याने शेऱ्यात लिहावं. बाहेर जाताना फाइलबरोबर ए-थ्री कागदावरची छापील प्रत आणि पत्रात एक ओळ: या तारखा अमुक आवृत्तीने काढल्या आहेत. ग्राहक हसतात. हसू देत. टायपिस्टने पत्राखाली टाइपरायटरचा नंबर लिहावा तसा हा प्रकार आहे, हे मलाही दिसतं.

मायक्रोसॉफ्टने 2016 आणि 2019 या दोन्ही आवृत्त्यांना 14 ऑक्टोबर 2025 पासून वाऱ्यावर सोडलंय. म्हणजे सल्लागार आता आवृत्ती बदलणार, आणि त्याच्यामागे आम्ही. मासिक भाड्याची आवृत्ती घ्यावी असं मी साहेबांना सुचवलं. ती आपली आपण अद्ययावत होत राहते, हेही सांगितलं. म्हणाले, "आणि साइटवर नेट नसतं, तिथे काय करणार?" मग थोडं थांबून, "मार्च एंडिंग होऊ दे, मग बघू."