बाहेर बसवलेली माणसं

चि. राणीस,



निवड यादीत तुझं नाव आलं त्या दिवशी मामीने गल्लीभर पेढे वाटले, ते तुला कळलंच असेल. न्यायदंडाधिकारी झालेल्या भाचीला उपदेश करू नये एवढी अक्कल मला आहे. जामीन, रिमांड, चेक बाउन्स हे सगळं हाताखालून गेलं की तू शिकशीलच. पण एक काम असं आहे की ते वर्षानुवर्षं येत नाही आणि एखाद्या सकाळी अचानक टेबलावर येऊन पडतं. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी. त्याबद्दल मात्र लिहू दे.

2006च्या आधी ही चौकशी तहसीलदार नाहीतर प्रांत करायचे. त्यांचं रोजचं उठणं-बसणं पोलिसांबरोबर. उद्याच्या मोर्च्याचा बंदोबस्त ज्यांच्याकडे मागायचा, त्यांचीच आज चौकशी. मग कायदा बदलला आणि हे काम तुम्हा लोकांकडे आलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 196 मध्ये आहे. त्यातच पुढे म्हटलंय, की मृताच्या नातेवाइकांना कळवायचं आणि चौकशीला हजर राहू द्यायचं. कळवायचं तेही 'शक्य असेल तेथे', म्हणजे पळवाट तयारच. माझ्या उभ्या वकिलीत हे पाळलेलं क्वचित दिसलं. नातेवाईक व्हरांड्यात बसतात. पुकारा झाला की आत, जबाब, अंगठा, पुन्हा बाहेर. आत डॉक्टर काय म्हणाले, ठाणे अंमलदार काय म्हणाला, त्यांना कोण सांगणार?

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. गाव सांगत नाही, ठाणंही नाही. वीटभट्टीवर काम करणारं घर. मोठ्या लेकाला चोरीच्या संशयावरून उचललं होतं आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून निरोप आला. कॅरीबॅगमध्ये कागद होते: अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनाम्याची अस्पष्ट झेरॉक्स आणि 'मृत्यूचे कारण राखून ठेवले, व्हिसेरा अहवाल आल्यावर' एवढं लिहिलेलं एक पान. बाईंचा प्रश्न एकच होता. "त्याचा शर्ट कुठंय, साहेब?" घरून नेला तेव्हा अंगात निळा शर्ट होता, खिसा त्यांनी स्वतःच्या हाताने शिवलेला. ताब्यात मिळाला तेव्हा अंगात पांढरा, दुसऱ्या कुणाचा तरी. पंचनाम्यात निळ्या शर्टाचा उल्लेख नाही. जबाबातही नाही, कारण विचारलंच नव्हतं. विचारलं होतं ते हे, की मुलगा दारू पीत होता का, फिट येत होती का, घरात भांडण झालं होतं का. मेलेल्या माणसाची चौकशी चालली होती, मृत्यूची नव्हे. तो शर्ट शेवटपर्यंत सापडला नाही.

माणूस 'पळून गेला' असं सांगणं, ही पोलिसांची दुसरी तऱ्हा. ओडिशात 1987 साली एक तरुण चौकीतून पळाला आणि रेल्वेखाली आला, असं पोलिसांनी सांगितलं. त्याची आई नीलाबती बेहरा. तिने सर्वोच्च न्यायालयाला पत्र धाडलं, न्यायालयाने तेच याचिका म्हणून दाखल करून घेतलं, पळून गेल्याची गोष्ट नाकारली आणि 1993 मध्ये दीड लाखाची भरपाई द्यायला लावली. आपल्या परभणीचा इंजिनिअर ख्वाजा युनूस घाटकोपर स्फोटाच्या प्रकरणात डिसेंबर 2002 मध्ये पकडला गेला. औरंगाबादला नेताना पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि तो पळाला, ही सरकारी हकीकत. सीआयडीने ती खोटी ठरवली. पण मृतदेह आजवर मिळालेला नाही. 2017 साली सांगलीत अनिकेत कोथळे, पुन्हा 'पळून गेला'. मग कोठडीत मारून आंबोलीत नेऊन जाळल्याच्या आरोपावरून पोलिसांवरच खटला उभा राहिला.

युनूसच्या आईचा विचार कर. शव नाही म्हणजे शवविच्छेदन नाही, दफन नाही. सीआयडीने 14 पोलिसांची नावं घेतली, सरकारने खटल्याला मंजुरी दिली ती चौघांविरुद्ध. साक्षी सुरू व्हायला 2018 उजाडलं, आणि साक्षीत आणखी नावं आल्यावर विशेष सरकारी वकिलांनाच बाजूला केलं गेलं. 2020 मध्ये आरोपी पोलीस नोकरीवर परत घेतले गेले, तेव्हा ही म्हातारी अवमान याचिका घेऊन पुन्हा हायकोर्टात. हे सगळं कुणी करायचं? तपास करणं हे आईचं काम आहे का?

त्याच परभणीत डिसेंबर 2024 मध्ये सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. कायद्याचा विद्यार्थी. सरकारने विधानसभेत श्वसनाच्या आजाराचा दाखला दिला, मारहाण झाली नाही म्हटलं. छत्रपती संभाजीनगरच्या शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे आलेला आघात असं कारण होतं. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांवर ठपका ठेवला. तरी गुन्हा नाही! तो नोंदवा म्हणून 4 जुलै 2025 रोजी उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, आणि सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथेही 30 जुलैला हरलं. अहवाल आल्यावर पुढे काय करायचं याबद्दल कायदा गप्प आहे, हा मुद्दा वकील प्रकाश आंबेडकरांनी सोमनाथच्या आईच्या वतीने मांडला होता. मला तो बिनतोड वाटतो. तुम्ही कष्टाने लिहिलेला अहवाल सरकारच्या कपाटात जाऊन पडायचा असेल, तर चौकशी कशाला? दरम्यान दहा लाखांची मदत देऊ केली होती, ती आईने घेतली नाही. गावात त्यावरही चर्चा झाली असणार. लोक पैसे घेतले तरी बोलतात, नाकारले तरी बोलतात.

कोठडीतला प्रत्येक मृत्यू मारहाणीचाच असतो असं मी म्हणत नाही. हृदयविकार असतो, विष असतं, लुंगीचा फास असतो. पण अशा वेळी तर घरच्यांना कागद दाखवण्याचा पोलिसांनाच फायदा; तरी दाखवत नाहीत. मग घरच्यांनी मनात काय धरायचं?

तुझ्याकडे असं प्रकरण आलं तर त्याच दिवशी ठाण्याचं सीसीटीव्ही फुटेज ताब्यात घे. निदान वर्षभर जपा असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलंय, पण "कॅमेरा बंद होता" हे उत्तर आठवड्याभरात तयार होतं. शवविच्छेदनाचं चित्रीकरण झालं का, ते डॉक्टरांना स्वतः विचार. अहवालाची प्रत नातेवाइकांना अर्ज-विनंत्यांशिवाय मिळेल असं बघ, आणि साक्षी चालू असताना त्यांना खोलीत बसव. खुर्ची कमी पडली तर शिपायाला सांगून मागव. त्यांचा जबाब घेताना त्या दिवशी अंगात काय कपडे होते, हे आधी विचार. अहवाल काय द्यायचा ते तुझं तू ठरव, त्यात मी पडत नाही.

नेमणुकीचं गाव कळलं की फोन कर. मराठवाड्यात मिळालं तर मामी येऊन स्वयंपाकघर लावून देणार म्हणतेय, तिला नाही म्हणू नकोस.

तुझा,
मामा