पटावर आठ

30 मार्च 2025, गुढीपाडवा
दुपारी शाळेतल्या बाई घरी आल्या. "वहिनी, लेकीचं नाव घालू ना?" वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेचा पट नऊ, चौथीची दोघं गेली की सात. पहिलीत लेक एकटीच असेल. हे म्हणाले, "राजापूरला घालू, गाडी दारात येते." तिथे एका वर्गात चाळीस मुलं. मी गप्प राहिले.

7 एप्रिल
बाईंना विचारून सकाळच्या शाळेत तासभर मागे बसले. एका खोलीत चार इयत्ता. मोठ्यांना फळ्यावर भागाकार, दुसरीला वाचायला गोष्ट, आणि पहिलीतल्या मुलाजवळ बाई चिंचोके घेऊन बसल्या. सात आणि पाच मिळवताना तो चारदा चुकला. उत्तर येईपर्यंत बाई थांबल्या. चार माणसांत माझी लेक तोंड उघडत नाही. तिच्यासाठी चाळिसांच्या वर्गात कोण एवढं थांबेल?
पण मधल्या सुट्टीत जीव खट्टू झाला. सगळी शाळा मिळून खो-खोचा एकच संघ होतो, समोर पळायला कोणी उरत नाही. जूनपासून तोही पुरा होणार नाही.

13 एप्रिल
ह्यांची भीती वेगळी: "शाळाच बंद झाली तर?" खोटी नाही. सप्टेंबर 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव सरकारने मागवले होते. पण पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, हा शिक्षणहक्काचा नियमही आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका. मी समितीत जाईन. शाळा टिकावी असं वाटतं, तर नुसतं वाटून काय होणार?

21 एप्रिल
लेकीला शाळेत नेलं. दुसरीच्या मुलीने सरकून जागा दिली, आपली पाटी पुढे केली. बाईंनी नाव विचारलं. लेकीने सांगितलं, ते व्हरांड्यात मला ऐकू आलं. रात्री हे म्हणाले, "घाल इथेच. पण वर्षभर डोळे उघडे ठेवू."

16 जून
पट आठ. रविवारी तिला खालच्या वाडीत मावसभावंडांकडे न्यायचं ठरवलंय. खेळायला बरोबरीचं कोणी हवंच. दिवाळीच्या सुट्टीत ही वही पुन्हा उघडेन आणि दोनच गोष्टी बघेन: वाचायला लागली का, आणि रुसायला-भांडायला मैत्रीण मिळाली का. एकीचंही उत्तर "नाही" आलं, तर राजापूरची गाडी आहेच.