जोर नसलेले स्वर

३० जून
विदर्भात उन्हामुळे शाळा जूनअखेरीस उघडते. आज आठवीकडून इंग्रजीचा धडा वाचून घेतला. 'व्हेजिटेबल', 'कम्फर्टेबल', प्रत्येक अक्षरावर सारखंच वजन. राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, पण आमच्या बाभुळगावच्या पोरांच्या डोळ्यांपुढे ते जितकं येतं, तितकं कानांवर येत नाही. इंग्रजी शब्दात जोर एखाद्याच जागी पडतो, बाकीचे स्वर विरतात. स्पेलिंगमध्ये ए असो की ओ, तिथे बहुतेकदा आपल्या 'अ'सारखा उच्चार उरतो.

३ जुलै
फळ्यावर कंडक्टरचं स्पेलिंग लिहिलं. त्यात ओ दोनदा येतो. पण आमच्या स्टँडवर 'कॉन्डक्टॉर' कोण म्हणतं? मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, ट्रॅक्टरचं बी तसंच आहे ना जी!" मग डॉक्टर, मोटर, कॉटन, एकामागून एक शब्द निघाले. ज्यांनी स्पेलिंग कधी पाहिलं नाही, त्या माणसांच्या तोंडीही हे स्वर नेमके आहेत, कारण शब्द कानावाटे आले. पुस्तकातून आलेला 'प्रॉब्लेम' मात्र आपला 'ले' सोडत नाही. म्हणजे ध्वनी पोरांकडे आहेच, तो नव्याने शिकवायचा नाही. मला आज फार बरं वाटलं.

८ जुलै
शेतांत डवरणी सुरू, वर्ग अर्धा रिकामा. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर असतो. 'फोटोग्राफर' म्हणताना तो पुढे सरकतो आणि शब्द 'फटॉग्रफर'च्या जवळ जातो. कुणाला पटेना. शेजारी लिहिलं: कापूस, कापसाला, माणूस, माणसाला. आपल्याकडे हे प्रत्ययामुळे होतं, तिकडे जोर हलल्यामुळे. पण शब्द वाढला की आतला स्वर बदलतो, हे त्यांच्या जिभेला ठाऊकच आहे.

१२ जुलै
एका सहकाऱ्यांनी विचारलं, इंग्रजांसारखं बोलायचं कशाला? तसं बोलायला नकोच. पण समोरच्याला कळायला हवं. आर. के. बन्सल यांचा भारतीयांच्या इंग्रजीवरचा अभ्यास हैदराबादच्या इंग्रजी संस्थेने १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. बाहेरच्यांना आपलं बोलणं न कळण्यामागे चुकीच्या जागी दिलेला जोर हे एक मोठं कारण त्यात आढळलं. आणि ऐकतानाही अडतंच: वाक्याच्या ओघात 'कॅन'चा 'कन' होतो, 'कान्ट' मात्र ठसठशीत राहतो. 'येऊ शकतो' की 'येऊ शकत नाही', हे त्या एका स्वरावरून ओळखावं लागतं. उद्यापासून पुस्तक मिटवून आधी ऐकवणार, स्पेलिंग नंतर.