लिंबू-चमचा आणि माझी एक चूक



आज धडा मुलांचा नाही, माझाच आहे.

गड्ड्याची यात्रा संपली की आमच्या शाळेत क्रीडा सप्ताह असतो. शेवटच्या दिवशी पालकांची लिंबू-चमचा शर्यत. मागच्या वर्षी चौथीतल्या एका मुलीचे वडील रांगेत उभे राहिले. दोन वर्षांपूर्वी त्यांचं किडनी रोपण झालं होतं, किडनी त्यांच्या पत्नीने दिली होती. मला ते माहीत होतं. मी लगबगीने गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो दादा, तुम्ही कशाला? तुम्ही बसा बघू." ते कसंनुसं हसले, चमचा ठेवला आणि जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मुलीने विचारलं, "बाई, माझे पप्पा अजून आजारी हायत का?"

काय उत्तर देणार? संध्याकाळी फोन करून मी माफी मागितली. ते म्हणाले, "बाई, डॉक्टर म्हणतात चाला, लोक म्हणतात बसा. ऐकायचं कुणाचं?"

मग मी वाचलं, माहितीतल्या डॉक्टरांना विचारलं. तेच तुम्हाला सांगते.

रोपणाआधीच्या दीर्घ आजारात स्नायू झिजलेले असतात. नंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून कायम गोळ्या घ्याव्या लागतात. त्यातल्या स्टिरॉइडमुळे स्नायू आणि हाडं कमजोर होऊ शकतात, वजन, साखर, रक्तदाब वाढू शकतो. यावर औषधांच्या जोडीला उपाय म्हणजे व्यायाम. म्हणजे बसून राहणं हीच खरी जोखीम!

पथ्यं मात्र आहेत. शस्त्रक्रियेनंतरचे काही आठवडे जड वजन उचलायचं नाही. सुरुवात चालण्यापासून, रोज थोडं थोडं वाढवत. नवी किडनी बहुतेक वेळा ओटीपोटात पुढच्या बाजूला बसवतात, बरगड्यांचं संरक्षण तिला नसतं. म्हणून कबड्डी, कुस्तीसारखे धक्क्याचे खेळ टाळायचे. आपल्या सोलापूरचा उन्हाळा चाळिशी पार करतो, तेव्हा फेरी पहाटेच मारायची आणि पाणी डॉक्टरांनी सांगितलं तेवढं प्यायचं. प्रतिकारशक्ती कमी असल्याने गर्दी आणि अस्वच्छ पाणी टाळायचं. हृदय रोपण झालेल्यांची गोष्ट आणखी वेगळी. नव्या हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात, त्यामुळे ठोके सावकाश वाढतात आणि सावकाश कमी होतात. म्हणून त्यांनी आधी अंग नीट तापवायचं आणि एकदम थांबायचं नाही.

एक गोष्ट तर मला माहीतच नव्हती. अवयव रोपण झालेल्यांची जागतिक क्रीडा स्पर्धा असते! 1978 मध्ये इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला ती सुरू झाली. 2023 मध्ये ती ऑस्ट्रेलियातल्या पर्थला आणि 2025 मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनला झाली. धावणं, पोहणं, बॅडमिंटन, सगळं असतं.

हे मी वर्गात सांगितलं. परिसर अभ्यासात शरीराचे अवयव शिकवताना रोपण म्हणजे काय, तेही फळ्यावर चित्र काढून समजावलं. ती मुलगी उठून म्हणाली, "माझ्या आईनं दिलीय किडनी. आई पण रोज चालते." वर्गाने आपणहून टाळ्या वाजवल्या.

यंदाच्या शर्यतीला मी त्या दादांना आधी, बाजूला घेऊन विचारलं, "खेळणार का?" ते म्हणाले, "डॉक्टरांना विचारूनच आलोय." लिंबू दोनदा पडलं. मुलगी ओरडत होती, "पप्पा, खाली बघू नका, चमच्याकडं बघा!" ते शेवटून दुसरे आले.

मित्रहो, काळजीपोटी आपण पटकन "तुम्ही बसा" म्हणतो. व्यायाम किती आणि कोणता, हे त्यांचे डॉक्टर ठरवतील. आपण फक्त "खेळणार का?" एवढं विचारायचं. तुमच्या शाळेत असा काही अनुभव आला असेल तर जरूर कळवा.